खुर्चीवर बसलेले, डावीकडून

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. मध्येच आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं त्या त्या जागी घातली आहेत.)



काल रात्री भेंड्या साडेबारापर्यंत चालल्या, तरी आज साडेनऊला सभागृह एवढं भरलंय याचं श्रेय माझं नाही. समितीने नाश्ता भाषणानंतर ठेवलाय, हे मला माहीत आहे. कांदेपोह्यांचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मी फार ताणणार नाही.

हा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच निवडलात. आपल्या ग्रुपवर गेल्या दोन वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न कोणता असेल, तर 'फोन भरलाय, काय काय उडवू?' आणि त्याच्या पाठोपाठ, साधारण आठवड्याने, 'चुकून उडवलेले फोटो परत येतात का?' मी एका बँकेच्या संगणक विभागात एकतीस वर्षं काढली म्हणून हे प्रश्न माझ्याकडे वळतात. तिथे माझं काम काय होतं ते एका वाक्यात सांगते. दिवसभराचे व्यवहार संपले, सगळे घरी गेले, की त्या हिशेबाची प्रत नीट निघाली का ते बघायचं, आणि ती प्रत दुसऱ्या इमारतीत पोचली का ते बघायचं. आणखी एक होतं. अधूनमधून ती प्रत उघडून खरंच वाचता येते का हेही बघायचं. कारण प्रत निघाली असं यंत्र सांगतं, आणि उघडायला गेलं की आत काही नसतं, असं होऊ शकतं. फोटोंच्या बाबतीत मी जे सांगणार आहे ते याहून फारसं वेगळं नाही.

आता मागे पडद्यावर बघा. आपल्या दहावीचा फोटो. १९८५ सालचा, शाळेच्या पायऱ्यांवरचा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली छापलेलं, 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', मग सरांची, बाईंची नावं, मग 'उभे, पहिली रांग', 'दुसरी रांग'. या स्मरणिकेसाठी आम्ही विचारलं, हा फोटो कुणाकडे आहे? अकरा जणांकडे निघाला. एकाचा भिंतीच्या ओलीने गेला होता, एकाला कसर लागली होती, एकावर बरोबर दुसऱ्या रांगेच्या गळ्यापर्यंत चिखलाची रेघ होती. पण अकरांतले दोन चांगले निघाले आणि त्यांच्यावरून आजचा हा फोटो तयार झाला.

त्याच निरोपात आम्ही दुसरी एक गोष्ट मागितली होती. २०१५ साली आपण तीस वर्षांनी पहिल्यांदा भेटलो, त्या दिवसाचे फोटो. आठवतंय ना? त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात फोन होता. सरांना नमस्कार करताना तर पुढे फोटो काढणाऱ्यांचीच रांग होती. पाचशे तरी फोटो निघाले असतील. आले किती? छापण्याजोगे नऊ. बाकीच्यांची उत्तरं मी जपून ठेवली आहेत. 'तो फोन गेला.' 'तो फोन मुलाला दिला, त्याने पुसला.' 'मेमरी कार्ड वाचत नाही.' 'व्हॉट्सअ‍ॅपवर होते, चॅट उडाली.' आणि एक उत्तर माझ्या फार आवडीचं, 'असतील कुठेतरी गुगलवर.'

म्हणजे १९८५ चा एकच फोटो आणि त्याच्या अकरा प्रती. २०१५ चे पाचशे फोटो आणि बहुतेकांची प्रत एकेकच. जुना फोटो चाळीस वर्षं टिकला तो कुणी फार जपला म्हणून नव्हे, पुष्कळ घरांत होता म्हणून. आपण हल्ली फोटो भरपूर काढतो आणि प्रती काढत नाही. 'अहो पण ग्रुपवर टाकतो की,' असं काल एकीने म्हटलं. त्याच्याकडे मी येणारच आहे.

सांगलीत बसून मी प्रत दूर ठेवण्याचं महत्त्व सांगायचं म्हणजे जरा गंमतच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. मारुती चौक, हरभट रोड, गावभाग, कुठे काय राहिलं होतं ते तुम्ही मला सांगायला हवं. मी तेव्हा पुण्यात होते. ज्यांनी घाईघाईने सामान माळ्यावर चढवलं त्यांनी धान्य, कागदपत्रं, दागिने, देव, हे सगळं नेलं. लग्नाचा अल्बम बहुधा कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतो, कारण तो जड असतो. तो खालीच राहिला. पण ज्यांच्या बहिणीकडे विश्रामबागेत दुसरा अल्बम होता, किंवा ज्यांनी मुलाला पुण्याला जाताना चार फोटो दिले होते, त्यांचे ते उरले. फोटोशास्त्रातले लोक एक नियम सांगतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्याला तो नियम शिकवायला कृष्णामाईच पुरेशी आहे.

क्लाउड क्लाउड म्हणतात ते याहून काही मोठं नाही. घराबाहेरची प्रत. ढगात काही नसतं, दुसऱ्या कुणाच्या तरी भल्यामोठ्या इमारतीतल्या यंत्रांवर आपले फोटो असतात. पूर तिथवर येत नाही. दुसऱ्या अडचणी मात्र येतात, आणि आपल्या वयाच्या माणसांची खरी फसगत तिथे होते, म्हणून इथे मी थोडी रेंगाळते.

आपल्यातल्या बहुतेकांच्या अ‍ॅन्ड्रॉइड फोनवर गुगल फोटोज असतं. ते २०१५ साली निघालं तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके फुकट ठेवता येत होते. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. त्याआधी त्या दर्जात चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत, पण नंतरचे सगळे मोजले जातात. फुकट जागा मिळते १५ जीबी, आणि त्या १५ जीबीत तुमचे मेल, ड्राइव्हमधल्या फायली आणि फोटो, तिघांनी एकत्र राहायचं. २०२४ पासून अ‍ॅन्ड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरला जाऊ लागला. म्हणजे चार बिऱ्हाडं आणि एक खोली. साधारण चार एमबीचा एक फोटो धरला तर नुसते फोटोच साडेतीन-पावणेचार हजारांत संपतात. आणि चित्रीकरण? नातवाच्या नाचाचं एक मिनिटाचं चित्रीकरण नेहमीच्या दर्जाला शंभर एमबीच्या आसपास, फोर-के लावून ठेवलं असेल तर त्याच्या तिप्पट-चौपट. आयफोनवाल्यांना तर फुकट जागा ५ जीबीच.

जागा भरली की काय होतं? फोन बंद पडत नाही. फोटो निघत राहतात. म्हणून लक्षात येत नाही. फक्त त्यांची प्रत जायची थांबते. वर एक छोटी सूचना येते, ती आपण अंगठ्याने बाजूला सारतो. मग ती पुन्हा येते, आपण पुन्हा सारतो. गुगलचं खातं असं भरून राहिलं तर मेल यायचेही बंद होतात, तेव्हा कुठे घरात चर्चा सुरू होते.

(इथे मागून प्रश्न आला: "पण मी तर बघते ना, माझे सगळे फोटो गुगलमध्ये दिसतात?")

छान प्रश्न. दिसणं आणि असणं यात फरक आहे. गुगल फोटोज उघडलं की त्यात दोन्ही दिसतात, फक्त फोनमध्ये असलेले आणि वर पोचलेले. शेजारी शेजारी, एकसारखे. तेव्हा असं करा. वर उजवीकडे आपल्या चेहऱ्याचं किंवा नावाच्या अक्षराचं जे गोल चिन्ह आहे त्यावर टेकवा. तिथे बॅकअप पूर्ण झाला आहे, चालू आहे, की बंद आहे ते लिहिलेलं असतं. अनेकांच्या फोनवर तिथे 'वायफायची वाट पाहत आहे' अशा अर्थाचं काहीतरी दिसेल. कारण पहिल्यांदा कुणीतरी, बहुधा मुलाने, 'फक्त वायफायवर' असं लावून दिलं, मुलगा बेंगळुरूला गेला आणि घरात वायफाय कधी आलंच नाही. अशी वाट पाहणारे फोन मी तीन-तीन वर्षांचे बघितले आहेत. तुमच्याकडे रोजचा दीड-दोन जीबी डेटा असतो, त्यातला निम्मा रात्री बारा वाजता वाया जातो. मोबाइल डेटावर बॅकअप चालू करा आणि झोपा.

याहून मोठी गोष्ट, उडवण्याची. फोन आणि क्लाउड यांचं नातं आपल्याला वाटतं तसं पेटी आणि तिजोरीचं नाही. ते आरशासारखं आहे. तुम्ही इकडे टिकली काढलीत की तिकडचीही निघते. गुगल फोटोजमध्ये जाऊन एखादा फोटो निवडला आणि कचऱ्याच्या डब्यावर टेकवलं, तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. 'वर आहे ना, मग इथला उडवते' म्हणून लोक हीच गोष्ट करतात. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल तर तिथेही तसंच. एका ठिकाणी उडवला की त्या खात्याच्या सगळ्या यंत्रांवरून गेला.

जागा हवी असेल तर त्यासाठी वेगळं बटण आहे, 'फ्री अप स्पेस'. ज्यांची प्रत वर पोचली आहे तेवढेच फोटो ते फोनमधून काढतं, वरचे ठेवतं. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' असतं, ते फोनमध्ये छोटी आवृत्ती ठेवतं आणि मूळ वर ठेवतं. ही दोन नावं लिहून घ्या. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल.

चुकून गेलेच तर घाबरून दुसरं काही दाबू नका. वर पोचलेला फोटो गुगलच्या डब्यात ६० दिवस राहतो, न पोचलेला ३० दिवस. आयफोनमध्येही साधारण ३० दिवस. तेवढ्यात आठवलं तर परत येतो. एकसष्टाव्या दिवशी मला फोन करू नका, मी फक्त दुःख व्यक्त करू शकते.

आता व्हॉट्सअ‍ॅप. आपल्या ग्रुपची मी पहिल्या दिवसापासूनची सभासद आहे आणि मला हा ग्रुप अतिशय प्रिय आहे, तरीही सांगते की सकाळी सात ते नऊ या वेळात इथे जे येतं त्याची स्मरणिका काढायची कुणाची इच्छा नाही. उगवता सूर्य, वाफाळता चहा, गुलाब, वर सुविचार. सरांनी एकदा याचं व्याकरण तपासून परत पाठवलं होतं, त्यानंतर चार दिवस शांतता होती. ही सगळी चित्रं तुमच्या फोनमध्ये आपोआप उतरतात आणि तुमच्या आईच्या शेवटच्या दिवाळीच्या फोटोंच्या मध्ये जाऊन बसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आहे, त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे 'अनेकदा फॉरवर्ड झालेले' अशी वेगळी चळतच लावलेली असते. ती डोळे मिटून उडवा. तिथेच खाली आपोआप उतरवणं बंद करता येतं. अर्ध्या तासाचं काम आहे. बहुतेकांचा फोन तेवढ्यानेच मोकळा होतो, नवा घ्यावा लागत नाही.

ग्रुपवर टाकला म्हणजे प्रत झाली का? झाली, पण खडूने काढलेल्या चित्राला प्रत म्हणावं तशी. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप आक्रसून पाठवतं, लांबीला साधारण १६०० ठिपके. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. भागाकार करा, जेमतेम सव्वापाच इंच. गणिताचे सर बसलेत, ते मान हलवतायत. मूळ फोटो १२ मेगापिक्सेलचा असेल तर तोच तेरा इंचांपर्यंत छान छापता येतो. स्मरणिकेच्या पान सात आणि बारावर जे फोटो इवलेसे आहेत, त्यांचं कारण हेच. मुद्रकाने मोठे करून बघितले होते, सगळ्यांचे चेहरे वाफेतून बघितल्यासारखे आले. शिवाय मूळ फोटोच्या पोटात तो कधी काढला, कुठे काढला याची नोंद असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेने ती गळते. राहतं ते फायलीच्या नावात, आणि ते फोटो आला त्या दिवसाचं, काढला त्या दिवसाचं नव्हे. त्यामुळे १९७२ च्या दुष्काळातला फोटो माझ्या फोनमध्ये गेल्या मंगळवारी आहे.

उपाय सोपा आहे. महत्त्वाचा फोटो पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तो जसाच्या तसा जातो. एचडी हा पर्याय २०२३ मध्ये आला, तोही नेहमीपेक्षा बरा. आणि कुणी पाठवलेला एखादा फोटो खरंच हवा असेल, तर तो आपोआप गुगलवर जात नाही हे लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर वेगळं चालू करावं लागतं. मी म्हणेन, ते फोल्डर चालू करूच नका, नाहीतर गुलाबांना पैसे मोजून जागा द्यावी लागेल. हवे तेवढे फोटो निवडून वेगळे ठेवा.

पैशांचं विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. १०० जीबीला वर्षाला साधारण १३०० रुपये पडतात. आपण वर्षाला त्याहून जास्त रुपये फोनच्या कव्हरवर आणि काचेवर घालवतो. घरातली दोन-चार माणसं ती जागा वाटूनही घेऊ शकतात. ज्यांना दर वर्षी पैसे भरणं नको वाटतं, त्यांनी एक हार्ड डिस्क घ्यावी, दिवाळीत आणि शाळेच्या सुट्टीत मुलं घरी आली की त्यांच्याकडून फोटो त्यात उतरवून घ्यावेत आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी. ज्यांना खरोखर काळजी आहे त्यांनी दोन्ही करावं. पेन ड्राइव्हवर मात्र विसंबू नका. तो देवघेवीसाठी आहे, जपणुकीसाठी नाही. आणि २००८ च्या लग्नाची सीडी जपून ठेवली आहे म्हणणाऱ्यांनी घरी जाऊन ती घालायला खाच कुठल्या यंत्रात उरली आहे ते आधी बघावं.

गंमत इथपर्यंत. आता एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगण्याआधी त्याच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे.

आपला एक मित्र मागच्या वर्षी गेला. नाव घेत नाही, काल त्याच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही हे सगळ्यांनी पाहिलं. सकाळी फिरायला गेला होता, तिथेच. फोन खिशात होता, शाबूत होता. महिन्याभराने वहिनींनी मला बोलावलं. त्या फोनमध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो होते. फोटोग्राफरने काढलेले वेगळे, ते अल्बममध्ये आहेत. हे त्याने स्वतः काढलेले, हळदीच्या आदल्या रात्री घरात, मुलगी मेंदीचे हात पसरून बसलेली असताना तिला भरवतानाचे. फोनला सहा आकडी कुलूप होतं. तो आकडा कुणालाच माहीत नव्हता. वाढदिवस, लग्नाची तारीख, शाळेचा हजेरी क्रमांक, सगळं घालून झालं. प्रत्येक चुकीनंतर फोन जास्त वेळ गप्प बसायचा. दुकानदार म्हणाला, उघडून देतो, पण सगळं पुसून. तेव्हा थांबलो.

मग त्याचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं, खात्याचा पासवर्ड बदलता आला आणि गुगलचं खातं उघडलं. वहिनी शेजारी बसल्या होत्या. फोटो दिसायला लागले, त्याचे, मुलांचे, आपल्या २०१५ च्या मेळाव्याचेही. खाली खाली जाताना त्या हसत होत्या. मग मी वर आले, सगळ्यांत नव्या फोटोकडे. तो मार्च २०२२ चा होता. तिथे १५ जीबी भरले होते. लग्न २०२३ चं.

फोन त्यांच्या कपाटात आहे. अजून चार्ज करून ठेवतात.

नंतर मी आपल्या ग्रुपवर मागणी केली होती, त्याचे फोटो असतील ते द्या, ती यासाठी. तेवीस फोटो आले. गणपतीतला, गडावरचा, एक तर पाठमोरा. त्यांचा एक छोटा अल्बम करून आम्ही चौघी देऊन आलो. हळदीच्या रात्रीचा त्यात एकही नाही, तो असणार तरी कुठून.

बँकेत आम्ही प्रत्येक खातेदाराला विचारायचो, नॉमिनी लिहिलाय का? फोटोंनाही नॉमिनी लिहिता येतो. गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे. तुम्ही ठरवायचं, माझं खातं तीन महिने, सहा महिने, किंवा जास्तीत जास्त अठरा महिने कुणी वापरलं नाही, तर अमुक माणसांना कळवा आणि माझे फोटो त्यांना उतरवून घेऊ द्या. दहा जणांची नावं देता येतात. आयफोनवर 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, २०२१ च्या डिसेंबरपासून. त्यात एक किल्ली मिळते, ती त्या माणसाकडे द्यायची. पुढे ती आणि मृत्यूचा दाखला दिला की खातं बघता येतं. हे केलं नाही आणि खातं तसंच पडून राहिलं, तर दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकण्याचा अधिकार गुगलने आता स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे घरच्यांनी धीर गोळा करून कधीतरी बघू म्हटलं, तर तेवढाही वेळ नसतो.

पण या सगळ्याआधी, फोनचा आकडा. एका कागदावर लिहा, पाकिटात घाला, आणि विम्याचे कागद जिथे आहेत तिथे ठेवा. घरातल्या एकाला सांगा. 'आमच्यात काही लपवाछपवी नाही' असं म्हणणारी जोडपी मी काल विचारली. सातांपैकी दोघांना एकमेकांचा आकडा माहीत होता. बाकी पाच जणांनी विषय बदलला.

(प्रश्न: "आधार, पॅनचे फोटोही गॅलरीत असतात. ते वर जाऊ द्यायचे का?")

ते गॅलरीत ठेवूच नका. डिजिलॉकर त्यासाठी आहे. आणि 'तुमची जागा भरली, इथे टेकवा, ओटीपी द्या' असा संदेश आला तर तो गुगलचा नाही, चोराचा आहे. जागा भरल्याची खरी सूचना त्या त्या अ‍ॅपमध्ये जाऊनच बघायची.

शेवटचा भाग नावांचा. परत पडद्याकडे बघा. चाळीस वर्षांनी या फोटोतल्या प्रत्येकाचं नाव आपल्याला सांगता येतं, ते आपली स्मरणशक्ती दांडगी म्हणून नाही. काल रात्री दोघांनी एकमेकांना भलत्याच नावाने मिठी मारली. खाली छापलेलं आहे म्हणून सांगता येतं. आता २०१५ च्या त्या नऊ फोटोंपैकी चारांत असे चेहरे आहेत की हा कुणाचा नवरा, ही कुणाची मुलगी, यावर समितीत दोन बैठका झाल्या. फोनमधल्या फोटोवर बोट वर सारलं की खाली कॅप्शन लिहायला जागा असते. मराठीत लिहिता येतं, बोलूनही लिहिता येतं. सगळ्यांना नका लिहू. वर्षाचे वीस फोटो निवडा आणि त्यांना लिहा. खुर्चीवर बसलेले, डावीकडून.

कागदी फोटोंसाठीही हेच. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओरबाडून काढू नका, निघत नसतील तर पानासकटच फोटो काढा. खिडकीपाशी ठेवून, दिवा न लावता, फ्लॅश बंद करून. गुगलचं फोटोस्कॅन नावाचं अ‍ॅप आहे, ते चकाकी बरीच काढून टाकतं. मागची बाजूही टिपा, कारण वडिलांच्या अक्षरातलं 'महाबळेश्वर, मे ६८' तिथेच असतं. स्वतः लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची रेघ पुढच्या चेहऱ्यावर उमटते.

या वर्गफोटोतही एक जागा रिकामी होती. अगदी डाव्या कडेला, रांगेच्या बाहेर, हातात घंटेचा टोल घेऊन शिपाईमामा उभे आहेत. खाली त्यांचं नाव नाही. अकरा प्रतींत कुठेच नाही. आपण सगळे त्यांना मामाच म्हणायचो, त्यामुळे कुणाला आठवेना. काल संध्याकाळी बाईंना विचारलं. वय ऐंशीच्या पुढे, पण क्षणाचाही विलंब नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि ते कुठल्या गावाहून सायकलने यायचे तेही. मी ते बाईंच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून घेतलं आहे. स्मरणिकेतल्या फोटोखाली ते आता छापलं जाईल.

तर आज दुपारी जेवणानंतर मी आणि आपल्यातले दोघं तिघं चित्रकलेच्या जुन्या वर्गात बसणार आहोत. कालच्या आणि आजच्या फोटोंसाठी एक सामायिक अल्बम केला आहे, त्याचा दुवा ग्रुपवर टाकलाय. फोटो थेट त्यातच चढवा, ग्रुपवर नको. त्या अल्बमची पूर्ण प्रत दोन हार्ड डिस्कवर निघेल, एक सांगलीत राहील, एक पुण्याला माझ्याकडे. ज्यांनी जुने फोटो आणलेत त्यांनी ते घेऊन या, तिथे उजेड चांगला आहे. फोन घेऊन येणाऱ्यांनी गुगलचा पासवर्ड आठवून या, निदान ज्याला आठवतो त्या मुलाला फोन लावून ठेवा. चार्जरही आणा, वर्गात प्लग एकच आहे आणि तो फळ्याच्या मागे आहे.

सर, तुमचा फोन मी आधी घेते. तुमच्याकडे ८५ च्या सहलीचे फोटो आहेत असं तुम्ही काल म्हणालात, ते नेमके कुठल्या फोनमध्ये, नव्या की ड्रॉवरमधल्या जुन्या, तेवढं जेवताना सांगून ठेवा.